तिसरं उत्तर

खोलीत माणूस आहे की नाही, हे सांगणाऱ्या यंत्रासाठी तिनं छोटासा प्रोग्राम लिहिला होता. उत्तरं तीन: हो, नाही, माहीत नाही.

"यंत्रालाच माहीत नाही, हे गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडानं सांगू?" साहेब खेकसले. दातओठ खात तिनं तिसरं उत्तर काढून टाकलं.

तरी मीटिंगच्या खोलीसाठी स्क्रीनवर तेच येत राहिलं. तिचं टाळकं सरकलं. तरातरा त्या खोलीत जाऊन तिनं विचारलं, "अरे, आता काय दाखवतंय?"

"अजून तेच, ताई," बाहेर स्क्रीनसमोर बसलेला सहकारी म्हणाला.

"मग मी काय भूत आहे?" दार आपटून ती बाहेर आली.

रिकाम्या खोलीचं उत्तर आता बदललं होतं: हो.

बंद दारामागून तिचाच चिडका आवाज आला, "अरे, आता काय दाखवतंय?"