मारोतरावांनी खर्रा सोडला

"तिथं दोन शब्द तरी बोलजा," नवऱ्याच्या सदऱ्याची वरची गुंडी लावता लावता विजयमाला म्हणाली. "या सालीही खर्ऱ्याले हात लावनार नाही, एवढं म्हना. गुपचूप शाल घेऊन येऊ नका."

मारोतरावांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्या मानेलाच ठाऊक. अलीकडे बरंचसं ते मानेवरच भागवत.

रिठदच्या प्रभात मंडळाचा शिरस्ता होता. एक जानेवारीला सकाळी फिरून आल्यावर मंदिराच्या सभामंडपात बसायचं, सरल्या वर्षात तब्येतीसाठी काय केलं त्याचा झाडा द्यायचा आणि नव्या वर्षात काय करणार ते चारचौघांत सांगायचं. झाडा बहुतेकांचा सारखाच निघे. मंडळाचे अध्यक्ष हेमसिंग दरवर्षी पोट कमी करण्याचा संकल्प करत, आणि पोट तो दरवर्षी हाणून पाडी.

म्हणून मारोतरावांचं एवढं कौतुक, आणि म्हणूनच आज शाल देऊन त्यांचा सत्कार. गेल्या एक जानेवारीला ते "खर्रा सोडतो" म्हणाले तेव्हा अख्खा सभामंडप हसला होता. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला तो ऐवज मिसरूड फुटल्यापासून त्यांच्या गालात मुक्कामाला होता. लग्नात अंतरपाट धरला तेव्हाही तो तिथंच होता. याआधी दोनदा त्यांनी तो सोडला आणि दोन्ही वेळा होळीच्या आत परत धरला.

या खेपेला होळी आली आणि गेली. खर्रा परत आला नाही.

उलट बाकीचंही एकेक सुटत गेलं. ठेच्याशिवाय घास न उतरणारा माणूस वरणभात कालवून खाऊ लागला. भाकरी असली तर दुधात भिजवून. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसे. तसं बसलं की अन्नात ध्यान लागतं म्हणे. दात घासायचं सोडून तेलाच्या गुळण्या सुरू केल्या. अंग हलकं झालं. भजनात टिपेला जाणारा माणूस आता नुसते टाळ धरी. जांभईसुद्धा उपरण्याआड देई. एवढी रीत विजयमालाच्या माहेरीही नव्हती.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे आवाज उतरला.

आवाज हा त्या घरातला तिसरा माणूस होता. मीठ कमी पडलं की तो स्वयंपाकघरातून निघून थेट पाराशी पोचे. "काहून व, तुह्या बापानं कधी मीठ पाह्यलं नव्हतं का?" तिचा बाप जाऊन जमाना झाला होता, पण दर जेवणाला त्याला हजेरी लावावी लागे.

गेलं वर्षभर तो बिचारा बाप निवांत होता. एकदा तर विजयमाला वरणात मीठ टाकायलाच विसरली. ती स्वतः जेवायला बसली तेव्हा कळलं. मारोतरावांचं ताट तोवर रिकामं झालेलं. ती तशीच आळणी घास हातात धरून बराच वेळ बसून राहिली.

"काय चारून राह्यल्या वो मारोतभाऊले?" शेजारची वैजयंती विचारी. "आमच्याकडंही पाठवा वाटीभर."

"मी काय चारू, बाई. मानूस सुधरते कधी ना कधी."

हे ती हसून म्हणे, पण भीती जात नव्हती. आज सभामंडपाच्या वाटेवर पानठेला लागला तशी ती मुद्दाम नवऱ्याच्या आणि ठेल्याच्या मधून चालली.

मंडपात आधी सगळ्यांचा झाडा देऊन झाला. हेमसिंगांनी आपल्या पोटाची हकीकत सांगितली. मग बायकांकडे वळून म्हणाले, "वैनी, तुमचा काय संकल्प?"

विजयमाला पदर सावरत उठली. अशा जागी ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती.

"मले नवं काही नाही पायजे. गेलं साल जसं गेलं, तसंच हेही जावं. एवढंच."

टाळ्या पडल्या. मारोतराव तेवढे तिच्याकडे पाहत राहिले.

मग शाल झाली, नारळ झाला. "बोला मारोतराव," हेमसिंग म्हणाले. मारोतरावांनी छातीवर हात ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि खाली बसले.

"पाहा," हेमसिंग म्हणाले, "याले म्हनतात मानूस. काम मोठं, बोलनं कमी. नाहीतर आमी."

विजयमालाचा जीव खट्टू झाला. तेवढा शब्द तरी द्यायचा होता.

"आता तोंड गोड करा त्याइचं," हेमसिंगांनी पेढ्याचा बॉक्स पुढे केला. "पन वैनीच्या हातानं."

"नाव घ्या, वैनी," वैजयंती मागून म्हणाली. बायका खिदळल्या. विजयमालानं चांगला मोठा पेढा उचलला आणि लाजत पुढे गेली.

"आ करा."

मारोतरावांनी अर्धा पेढा मोडायला हात पुढे केला. तिनं तो बाजूला सारला. आज पुराच खाऊ घालायचा होता. ओठ उघडले, आणि पेढा दातांवर अडला.

"लाजून राह्यले बाप्पा," कोणीतरी म्हणालं.

तिनं जरा दाबला. पेढ्याचा भुगा झाला आणि नव्या शालीवर सांडला. वरच्या आणि खालच्या दातांमधून फार तर करंगळी गेली असती.

"उघडा ना तोंड," ती दबक्या आवाजात म्हणाली. "लोक पाहून राह्यले."

मारोतराव तिच्या कानाशी वाकले. वर्षभर ज्या मऊ आवाजाची तिला सवय झाली होती, त्याच आवाजात म्हणाले,

"होळीपासून एवढंच उघडते व, विजू."