एकच मिसकॉल

कारंज्याला दिलेल्या रूपालीला सासरी फोनवर बोलायची चोरी होती, म्हणून बापलेकीचं ठरलेलं: सांजेला एक मिसकॉल म्हणजे बरी आहे, लागोपाठ दोन म्हणजे न्यायला या. माहेरी अनसिंगच्या घरात रेंज नव्हती. त्या मिसकॉलसाठी तिचा बाप इंद्रभान रोज पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसायचा. अखेर “कोन्त्या कंपनीचं नेटवर्क घरात येते?” असं गावभर विचारून त्यानं तोच नंबर दुसऱ्या कंपनीत नेला, बटणांचा फोन टाकून स्मार्टफोन घेतला. पहिल्याच दिवशी फुटेल म्हणून फोन फळीवर ठेवून तो सोयाबीन सोंगायला गेला. दिवेलागणीला परतून पाहिलं. जुन्या फोनमध्ये दोन मिसकॉल आले की नाव दोनदा दिसायचं; इथं एकदाच होतं. “एकच हाये वं,” तो बायकोला म्हणाला. “पोरगी मजेत हाये.” नावापुढचा कंसातला बारीक दोनचा आकडा डाग समजून त्यानं दुपट्ट्यानं हलकेच पुसला.