काळा की निळा

घोडबंदर रोडवरच्या शोरूममध्ये सहदेवरावांनी दोन महागडे फोन समोर ठेवून तासभर कीस पाडला. कॅमेरा म्हणा, बॅटरी म्हणा, काळा आणि निळा दोन्ही तोडीस तोड! बायको विमलाबाई बाजूच्या खुर्चीत बसून होत्या.

शेवटी सहदेवरावांनी हॉलमधल्या फ्रेममधून काढून आणलेला घरचा फोटो काउंटरवर ठेवला.

"फोटोतली माणसं पुसता येतात म्हणे. ही आमची थोरली पुसून दाखव. रविवारी धाकटीला बघायला पाहुणे येतायत. उगाच विचारत बसतील, ही कुठे असते, कुणाबरोबर पळून गेली."

सेल्समनने दोन्ही फोनवर फोटो घेतला आणि थोरलीवरून बोट फिरवलं. निळ्यात ती अशी साफ गेली की तिच्यामागचा पडदासुद्धा जसाच्या तसा दिसू लागला. काळ्यात मात्र तिने आईच्या खांद्यावर ठेवलेला हात तेवढा तसाच राहिला.

"काका, डोळे झाकून निळा घ्या."

सहदेवरावांनी खिशातून कार्ड काढलं.

 

"अहो," विमलाबाई पहिल्यांदाच बोलल्या, "काळाच घ्या ना."