तिसरी वायर

१९८१ साल. सासऱ्यांची जुनी मोटार चढावर आचके द्यायला लागली होती. त्यांनी अंगणात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि चहा घेऊन आलेल्या सुनेला मुद्दाम थांबवून घेतलं.

"बघ, शीक काहीतरी," असं म्हणत ते जाड फडक्याने धरून प्लगच्या वायरी एकेक करून उपसून परत लावायला लागले. पहिली काढली तसं इंजिन लटपटलं. दुसरी काढली तेव्हा बंदच पडायला आलं. तिसरी काढली, तर आवाज होता तसाच राहिला.

"हा सिलिंडर मेलेला. असला काय, नसला काय! नुसती जागा अडवून बसलाय." सासरे सुनेकडे बघून हसले. "आपल्या घरातही आहे एक असाच. जा, राहा माहेरी. कुणाला पत्ताही लागायचा नाही."

सून त्याच दिवशी माहेरी गेली. आठवडा संपायच्या आत नवरा चुरगळलेल्या शर्टात तिच्या दारात उभा राहिला. "चल बाई घरी. आईने अंथरूण धरलंय, पोरं जेवत नाहीत आणि मला काही सुचत नाही."

मोटारीला नवा प्लग बसला आणि ती पुढे बरीच वर्षं धावली. सून त्याच घरात स्वतः सासू झाली.

तिला परत आणल्याचा राग धरून सासरे तेव्हाच लेकीकडे निघून गेले होते. घराचा आवाज होता तसाच राहिला, आणि त्यांना आणायला कुणी गेलंच नाही.