उतरलेला पारा

छबूबाई पार वैतागली होती. तीन महिने नवऱ्याला अळणी कालवण घातलं, त्याची तंबाखू चुलीत टाकली, तरी चाळिशीतल्या सहादेवचा रक्तदाब काही उतरेना. राहात्याच्या डॉक्टरांनी आज पुन्हा मोजला. तेवढाच.

"ह्याला कसला आलाय आजार?" सोबत आलेले सासरे म्हणाले. "ल्हानपनी रोज आसुडानं फोडून काढायचो, म्हनून तर असा दनकट झाला."

डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा पट्टा बांधला. पारा बराच खाली आला होता.

"बघा बाई, उतरला की," डॉक्टर म्हणाले.

छबूबाईनं दाराकडं पाहून आवाज बारीक केला.

"व्हय. पन घरी मामंजींना कुटं बाहेर बसवू? घर त्यांचंच हाय."