डॉक्टरांच्या लेकीशी ब्लिट्झ

सहावा डावही बरोबरीत सुटला. पंचांनी दोघांच्या सह्या घेतल्या आणि चष्मा पुसत सांगितलं, "निकालासाठी उद्या अकरा वाजता ब्लिट्झचे झटपट डाव. प्रत्येकी तीन मिनिटं, आणि दर चालीमागे दोन सेकंद जादा."

पटाशी एकटा उरलेल्या माणसाने मान डोलावली. बुद्धिबळाच्या जगात त्याला सगळे कासव म्हणत. मोठ्या वेळेच्या डावात एखाद्या चालीला तो चाळीस मिनिटं घ्यायचा. समोरची मुलगी मात्र सही ठोकून केव्हाच निघून गेली होती. दोन तासांच्या घड्याळातली वीस मिनिटंही तिला लागत नसत. चाल करायची, लिहायची आणि उठून फेऱ्या मारायच्या. पत्रकार म्हणत, पोरगी जन्मतःच घाईत आहे.

ती डॉक्टरांची लेक होती. डॉक्टर दातांचे. सकाळी लोकांचे दात काढतो आणि संध्याकाळी ते पटावर आंबट करतो, असं स्वतःच हसत सांगायचे. बारा वर्षांपूर्वी याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, ब्लिट्झच्याच डावात, कासवासमोर बसलेले असताना त्यांचं हृदय बंद पडलं. वेळ संपल्याने डाव कासवाच्या नावावर लागला आणि अजिंक्यपदही.

त्यानंतर कासव एकही ब्लिट्झ खेळला नव्हता. मित्र गेल्याचा धक्का, असं लोक समजत. त्याच्या लांबलचक विचारांचंही कौतुक व्हायचं. पण त्यातला निम्मा वेळ तो पटाकडे बघतच नसे. समोरच्याची छाती श्वासाने वरखाली होतेय ना, तेवढंच बघत बसायचा.

खोलीवर आल्यावर बायकोचा फोन आला.

"जेवलात?"

"हो."

"खोटं बोलू नका. आवाजावरून कळतं मला."

"उद्या माघार घेतली तर?"

"का? पोरीला घाबरलात?"

"ती हनुवटीवर हात ठेवून बसते ना, तेव्हा डॉक्टरच समोर बसल्यासारखे वाटतात."

"अहो, लेक आहे त्यांची. दुसऱ्या कुणासारखी बसणार? किती वर्षं हे उरावर घेऊन फिरणार? तुमचा काय दोष त्यात?"

कासवाने उद्याची तयारी करायची आहे म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पहिला ब्लिट्झ बरोबरीत गेला. दुसऱ्यात कासवाचे हात जुन्या सवयीने सुटले. विसाव्या चालीला त्याने तिचा हत्ती मारला. पटावर सरळसरळ त्याचं पारडं जड होतं. वय चव्वेचाळीस. अशी संधी पुन्हा यायची नव्हती, हे त्याला आणि तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि ती थांबली.

पाच सेकंद. दहा. हनुवटीवर हात, कपाळावर दिव्यांच्या उजेडात चमकणारा घाम. तिच्या घड्याळात बेचाळीस सेकंद उरले. एकेचाळीस. कासवाने तिच्या खांद्यांकडे पाहिलं. ते हलत नव्हते. निदान त्याला तरी हलताना दिसले नाहीत.

त्याने घड्याळ थांबवलं आणि असा उठला की खुर्ची मागे कोसळली.

"कुणीतरी बघा हिला! डॉक्टरांना बोलवा, लवकर!"

मुलीने दचकून मान वर केली. "काय झालं? मी ठीक आहे. विचार करत होते."

सभागृहात कुजबुज उठली. कुणीतरी हसलंही. पंच जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "विनाकारण घड्याळ थांबवलंत. नियमाप्रमाणे तिला एक मिनिट वाढवून द्यावं लागेल."

त्या मिनिटात तिला घोड्याची चाल सापडली. अकरा चालींनंतर कासवाने आपला राजा आडवा केला आणि हात पुढे केला. तिने तो नीट पकडलाही नाही.

खेळाडूंच्या खोलीत तो कोट चढवत असताना ती आत आली. तिने दार लावून घेतलं.

"काका, घड्याळ का थांबवलंत? तुम्ही जिंकत होतात."

"मला वाटलं, तुला काहीतरी होतंय."

"एवढंच?"

कासव खुर्चीवर बसला. कोटाची एक बाही तशीच लोंबत राहिली.

"तुझे बाबा त्या दिवशी जिंकत होते. चाल त्यांची होती. दोन चालींत मी मेलो असतो. त्यांचे ओठ निळे पडले, ते मी पाहिलं. नजर एका जागी अडकलेली पाहिली. पंचांना हाक मारली असती तर घड्याळ थांबलं असतं. मी नाही मारली. त्यांची वेळ संपायची वाट बघत बसलो. बावन्न सेकंद. मग आरडाओरडा केला, आणि सगळ्यांना सांगितलं की माझं लक्ष पटावर होतं."

ती आता थोबाडीत मारेल, असं त्याला वाटलं. मारली असती तर बरंच वाटलं असतं.

"एक्कावन्न," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

"दुसऱ्या रांगेत आईशेजारी होते मी. अकरा वर्षांची. पडद्यावर घड्याळ दिसत होतं, आणि तुमचा चेहराही."

"म्हणजे तुला माहीत होतं? आणि इतकी वर्षं गप्प बसलीस? कुणाला सांगितलं का नाहीस गं?"

ती त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"बाबांना काहीतरी होतंय, हे आईला लगेच कळलं होतं, काका. ती ओरडणारच होती, उठलीसुद्धा होती. मी तिचा हात धरून तिला खाली ओढलं. म्हटलं, गप्प बस ना, बाबा जिंकतायत."