किक

"भरतीत पळायचंय ना? मग दाखव पायातला जोर!" बाप हसत म्हणाला. कांचनने फटफटीला किक हाणली. इंजिन फुसफुसलं आणि मेलं.

पोलीस भरतीचं मैदान जिल्ह्याला, आणि अर्ध्या तासात गेट बंद होणार होतं. बापाने प्लग काढून घासला, गाडी आडवी पाडून उभी केली. फटफटी ढिम्म. आईने कांचनच्या तळहातावर दही-साखर ठेवली. "जा पोरी, वर्दी घेऊनच ये."

किका मारून पोटऱ्यांत गोळे आले. कांचन मागच्या चाकाशी मटकन बसली, तेव्हा सायलेन्सरच्या तोंडात चिंधी दिसली. ओढली तसा ठासून भरलेला बोळा निघाला. आईच्या जुन्या साडीचा.

"बघत काय बसलीस?" आई म्हणाली. "तुला बघायला पाहुणे वाटेत आहेत. ऊठ, तोंड धू. पळून पळून काय काळवंडलीस!"